बशींतले पैसे

हॉटेलांत चहा झाला, बडीशेपेची बशी समोर आली, बिल चुकतें झालें, आणि उरलेले सुटे पैसे त्या बशींत ठेवावे कीं खिशांत टाकावे ह्या विचारानें ज्याचा हात क्षणभर अडखळला नाहीं, असा गृहस्थ विरळाच. चार माणसांत बसलों असलों म्हणजे ही अडचण विशेष जाणवते. फार ठेवले तर बरोबरीचे लोक डौल म्हणतील, थोडे ठेवले तर वाढणारा मनांत कंजूष म्हणेल, आणि कांहींच न ठेवतां उठावें तर पाठीवर कुणाची तरी नजर रुतल्यासारखी वाटते. श्रोतेहो, माझी समजूत अशी आहे कीं ही अडचण केवळ शिष्टाचाराच्या अज्ञानामुळें उद्भवलेली नाहीं. सेवा करणाऱ्याच्या हातांत आपण जें ठेवतों तें त्याचा हक्क, आपली खुशी कीं त्याची मजुरी, हें आपल्या समाजानें अजून पुरतेपणीं ठरविलेलें नाहीं, त्याचा हा परिणाम आहे. तें कां ठरलें नाहीं हें पाहावयाचें तर अहमदनगर जिल्ह्याचा इतिहास चाळणें सोईचें पडेल. २०२४ पासून ह्या जिल्ह्याचें सरकारी नांव अहिल्यानगर झालें आहे; जुन्या काळाबद्दल बोलतांना मी जुनेंच नांव वापरीन. देण्याघेण्याच्या ह्या तिन्ही तऱ्हा त्या एका जिल्ह्यांत ठळकपणें पाहावयास मिळतात.

प्रथम शब्द पाहूं. 'बक्षीस' हा शब्द फारशी. देणें, बहाल करणें ह्या अर्थाच्या 'बख्शीदन' ह्या क्रियापदापासून तो आला. मोंगल राज्यांत मनसबदारांचा दर्जा, त्यांची फौज व तिचा पगार ह्यांचें दप्तर ज्याच्याकडे असे त्या बड्या अधिकाऱ्याला 'बक्षी' म्हणत. तोहि शब्द कानाला त्याच कुळांतला वाटतो. औरंगजेबाची अखेरची छावणी नगराजवळ भिंगार येथें होती आणि १७०७ सालीं तो तेथेंच वारला. त्या छावणींत ठरलेला पगार मिळावयाचा तो बक्षीच्या दप्तरांतून, आणि बादशहाची मर्जी झाली तर मिळावयाचें तें बक्षीस! पगार आणि मेहेरबानी अशीं त्या छावणींत शेजारीं शेजारीं नांदत.

पुढें १८०३ सालीं नगरचा किल्ला इंग्रजांनीं घेतला व कालांतरानें तेथें त्यांची कायमची छावणी पडली. साहेबलोकांच्या प्रवासवर्णनांतून बक्षीस मागणाऱ्यांविषयींची कुरकुर सारखी ऐकूं येते. १८८६ सालीं निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' ह्या अँग्लो-इंडियन शब्दकोशांतहि ह्या शब्दाला जागा मिळालेली आहे. गोऱ्या सोल्जरांनीं तो शब्द आपल्या बराकींत नेला. त्यांच्या तोंडीं त्याचें 'बकशी' झालें आणि अर्थ झाला 'फुकटचें'. देणाऱ्याच्या लेखीं मेहेरबानी, घेणाऱ्याच्या लेखीं कमाई आणि तिऱ्हाइताच्या लेखीं फुकटचें, अशी ह्या एका शब्दाची वाटचाल आहे.

'टीप' हा शब्द इंग्रजांचा. तत्पर सेवेची हमी अशा अर्थाच्या तीन इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांपासून तो झाला अशी एक कथा सांगतात, ती निव्वळ मनगढंत आहे. सतराव्या शतकांतील विलायती चोरांच्या बोलींत 'हळूच देणें' ह्या अर्थानें तो प्रथम दिसतो, आणि हातांत नाणें सरकविण्याची आपली रीत पाहिली म्हणजे हें मूळ अगदींच विसंगत वाटत नाहीं. आपल्या मराठींतहि शब्दांची उणीव नाहीं. दिवाळीच्या सुमारास मागतात ती पोस्त, शेतकरी देतो ती खुशाली, आणि चहापाणी व चिरीमिरी हे शब्द तर कचेरीची पायरी चढल्याबरोबर सरळ लांच ह्या अर्थाचे होतात. काम होण्यापूर्वीं दिलें तें लांच व झाल्यावर दिलें तें बक्षीस, अशी सोपी व्याख्या कुणी करील. पण पुढच्या खेपेला खिडकीजवळचें टेबल मिळावें म्हणून आज ठेवलेले पैसे ह्या व्याख्येंत कोठें बसवावयाचे?

असो. आतां गांवाकडे वळूं. नाण्यांचा व्यवहार बेताचा होता त्या काळीं सुतार, लोहार, न्हावी, परीट, कुंभार ह्यांना प्रत्येक कामाचा निराळा दाम मिळत नसे. खळ्यावर धान्य मळून झालें म्हणजे बलुतेदार येई आणि आपला वर्षाचा वांटा घेऊन जाई. त्रिंबक नारायण आत्रे ह्यांच्या 'गांवगाडा' ह्या १९१५ सालच्या पुस्तकांत ह्या व्यवस्थेचें जें बारीक वर्णन आहे तें आजहि वाचण्यासारखें आहे. बलुतें हा वतनाचा हक्क. एखाद्या कुणब्याची मर्जी बिघडली म्हणून तो बुडत नसे, आणि बुडविला तर तंटा पंचांपुढें जाई. लग्नकार्यांत, सणावारीं जें वर मिळे तो मानपान. कागदोपत्रीं तरी हक्क एकीकडे आणि खुशी दुसरीकडे, अशी ही चोख विभागणी होती.

परंतु कागदावरची ही चोख विभागणी सर्वांच्या वांट्याला आली नाहीं. ज्याची जात उतरंडीच्या तळाशीं, त्याचा हक्कहि मागून घ्यावयाचा असे. महारांना गांवांत घरोघर भाकरी मागण्याचा 'हक्क' होता. सरकारी निरोप पोंचविण्यापासून मेलेलें जनावर ओढण्यापर्यंत अष्टौप्रहर राबावें आणि मोबदला म्हणून दारांत उभें राहून शिळा तुकडा घ्यावा, असा तो हक्क. ह्याच जिल्ह्यांतील अकोले तालुक्यांत, धामणगांवीं, जन्मलेल्या दया पवारांनीं १९७८ सालीं आपलें आत्मकथन प्रसिद्ध केलें तेव्हां त्याला 'बलुतं' हेंच नांव दिलें. डॉ. आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत वतनाच्या कायद्यांत दुरुस्ती सुचविणारें बिल आणलें त्यांतील कळीचा मुद्दा हाच होता : कामाचा मोबदला गांवकऱ्यांच्या मर्जीवर लोंबकळत राहतां कामा नये, त्याला निश्चित रूप हवें. तें बिल तेव्हां तडीस गेलें नाहीं. कनिष्ठ गांवकामगारांचीं वतनें बरखास्त करणारा कायदा १९५८ सालीं झाला. मर्जीचें मजुरींत रूपांतर होण्यास तीस वर्षें लागलीं, आणि तेंहि कायद्यापुरतें.

दुसरी तऱ्हा दानाची. जामखेड तालुक्यांतील चौंडी हें अहिल्याबाई होळकरांचें जन्मगांव, जन्मसाल १७२५. काशी-रामेश्वरापर्यंत त्यांनीं बांधलेले घाट, धर्मशाळा व चालविलेलीं अन्नछत्रें प्रसिद्धच आहेत. अन्नछत्रांत जेवणाऱ्यानें पैसे द्यावयाचे नसतात, मग वाढणाऱ्याला बक्षीस देण्याची गोष्ट दूरच. शिजविलेलें अन्न विकणें हेंच मुळीं आपल्याकडे हलकें मानीत. अन्न विकत मिळत नव्हतें असें मात्र नाहीं. १४७० च्या सुमारास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी जुन्नरास पावसाळाभर राहिला होता. पुढें ज्या मलिक अहमदानें नगर शहर वसविलें त्याचें पहिलें ठाणें तें हेंच जुन्नर. परदेशी व्यापारी सराईंत उतरतात व तेथील बायका त्यांना रांधून घालतात, असें निकितिन नमूद करतो. परंतु तो परक्यांचा आणि वाटसरांचा प्रकार. घरंदाज माणसानें बाहेर जेवणें म्हणजे आपत्धर्म. पुण्यास १८९० सालीं पंचहौद मिशनमध्यें चहा घेतल्याबद्दल टिळक-रानड्यांसारख्या पुढाऱ्यांमागें प्रायश्चित्ताचें झेंगट लागलें. असल्या समाजांत हॉटेलांतल्या वाढप्याला किती द्यावें ह्याचा संकेत तयार कसा व्हावा?

ह्या दानाच्या तऱ्हेंत शिर्डीची एक गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. साईबाबा येणाऱ्याजाणाऱ्यांकडून दक्षिणा मागून घेत आणि त्याच दिवशीं ती वांटून टाकीत, असें दाभोळकरांच्या 'श्रीसाईसच्चरितां'त सांगितलें आहे. गांवांतील लक्ष्मीबाई शिंदे त्यांच्यासाठीं नित्य भाकरी घेऊन येत. १५ ऑक्टोबर १९१८ रोजीं, विजयादशमीस, देह ठेवण्यापूर्वीं बाबांनीं खिशांत हात घालून त्यांना आधीं पांच आणि मग चार असे नऊ रुपये दिले. भाविक त्यांत नवविधा भक्तीची खूण पाहतात, आणि तो त्यांचा अधिकार आहे. इतिहासाच्या दृष्टीनें मला दिसतें तें एवढेंच कीं त्या भाकरीचा दाम कधीं ठरलेला नव्हता, तो कुणी मागितलेला नव्हता, आणि नऊ रुपये हा त्याचा हिशेबहि नव्हता. शुद्ध देणगी कशी असते तें येथें दिसतें. त्याच शिर्डींत आज संस्थानच्या प्रसादालयांत हजारो लोक रोज जेवतात आणि वाढणाऱ्याला कुणी कांहीं ठेवीत नाहीं. बाहेर रस्त्यावरच्या हॉटेलांत येतांच तेच हात खिसे चाचपूं लागतात!

तिसरी तऱ्हा मजुरीची. १८७८ सालीं दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि नगर मुंबईच्या जवळ आलें. अवर्षणाचा हा मुलूख; पारनेर-अकोल्याकडचीं माणसें पोटासाठीं मुंबईस जाऊं लागलीं. कुणी गिरणींत गेला, कुणी गोदींत, आणि ज्याला दुसरें कांहीं जमण्याचें वय नव्हतें असला पोऱ्या हॉटेलांत कपबशा विसळूं लागला. इराण्याच्या हॉटेलांत गिऱ्हाईक उठलें कीं पोऱ्यानें त्याच्या बिलाचा आंकडा गल्ल्याकडे ओरडून सांगावयाचा, आणि रिकाम्या कपाखालीं आणा-दोन आणे राहिले असतील तर ते उचलावयाचे. राहणें-जेवण मालकाकडे, रोख पगार नांवाला, म्हणून त्या आण्याला मोल. मुंबई सरकारनें दुकानें व आस्थापना ह्यांचा कायदा १९३९ सालीं केला. असा कायदा हिंदुस्थानांत पहिलाच. उपाहारगृहें त्याच्या कक्षेंत आलीं, कामाचे तास ठरले, सुटी ठरली. १९४८ सालीं त्याची जागा अधिक व्यापक कायद्यानें घेतली व २०१७ सालीं त्याच्याहि जागीं नवा कायदा आला. पण ह्या नव्या कायद्याचा मुख्य भाग दहा किंवा अधिक कामगार असतील अशा आस्थापनांपुरताच ठेवण्यांत आला. आतां आपल्या नेहमींच्या चहाच्या हॉटेलांत किती माणसें राबतात तें आठवून पाहा.

१९४८ हें साल नगरकरांना आणखी एका कारणानें आठवावें. त्या वर्षीं १ जूनला राज्य परिवहनाची पहिली मोटार पुण्याहून नगरला गेली. त्या रस्त्यानें, आणि मग सगळ्याच रस्त्यांनीं, थांब्यावरचीं हॉटेलें वाढलीं, आणि त्यांच्याबरोबर एक निराळाच संकेत रूढ झाला : गाडी जेथें थांबेल तेथें चालकाला आणि वाहकाला जेवण फुकट. हें बक्षीस कोण देतो? वरवर पाहतां हॉटेलवाला. पण चाळीस उतारूंच्या चहाभज्यांच्या किंमतींत तें आधींच मिळविलेलें असतें, म्हणजे देतों आपणच, फक्त आपल्याला विचारलेलें नसतें. इतका सफाईदार प्रकार दुसरा मला ठाऊक नाहीं.

जिल्ह्यांतल्या साखरेच्या धंद्यांतहि हेंच दिसतें. प्रवरेच्या कांठीं विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या प्रयत्नानें सहकारी साखर कारखाना १९५० मध्यें उभा राहिला. पाथर्डी व शेजारच्या बीडकडून तोडकरी येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते ती हंगामभर फेडावयाची. उसाचे शेंडे, म्हणजे वाढे, तोडकऱ्याचे. ते वैरण म्हणून विकून हातखर्च सुटतो. हा हक्क जुन्या बलुत्याच्या जातीचा आणि त्याविषयीं कुणाचा वाद नाहीं. पण ऊस वेळेवर तुटावा म्हणून शेतकऱ्यानें खुशाली द्यावी असाहि प्रघात अनेक ठिकाणीं पडला आहे, आणि ती खुशाली आतां कुणाच्या खुशीवर राहिलेली नाहीं. शेतकरी तिला लुबाडणूक म्हणतो. तोडकरी म्हणतो कीं तोडणीचा दर पुरता असता तर मीं हात पसरला नसता. माझ्या मतें दोघांचेंहि म्हणणें खरें आहे, आणि त्यांचें भांडण जुंपलेलें असतांना दर ठरविणारे तिसरीकडेच बसलेले असतात.

हें केवळ आपल्याकडेंच घडतें असें समजूं नये. अठराव्या शतकांत विलायतेंत जेवायला बोलावलेल्या पाहुण्याला निघतांना यजमानाच्या नोकरांची रांगच्या रांग तोंडवावी लागे. जोनस हॅनवे ह्या गृहस्थानें १७६० च्या सुमारास ह्या चालीविरुद्ध पत्रेंच्या पत्रें लिहिलीं. अमेरिकेंत यादवी युद्धानंतर पुलमन कंपनीनें आपल्या शयनगाड्यांवर गुलामगिरींतून सुटलेले नीग्रो लोक अल्प पगारावर नेमले. उतारूंच्या बक्षिसावर त्यांनीं पोट भरावें हा त्यांतील हिशेब. त्यांनीं १९२५ सालीं आपला संघ काढला आणि १९३७ सालीं कंपनीला करार करावयास लावलें. तरी ती चाल गेली नाहीं. तेथील मध्यवर्ती कायद्यानें टीप मिळविणाऱ्या नोकराला मालकानें द्यावयाचें किमान वेतन १९९१ पासून ताशीं २.१३ डॉलर एवढेंच आहे. टिपा धरून सामान्य किमान वेतन भरलें नाहीं तरच मालकानें भर घालावयाची. कांहीं संस्थानांत दर अधिक आहे ही गोष्ट वेगळी. अमेरिकेंत गेलेले आपले लोक बिलावर पंधरा-वीस टक्के ठेवण्याची संवय घेऊन परत येतात व तोच सभ्यतेचा जागतिक दंडक समजतात. परंतु तेथें तो वाढप्याच्या पगाराचा भाग आहे, आणि जपानांत टीप ठेवली तर वाढणारी बाई मागून धांवत येऊन विसरलेले पैसे म्हणून परत करते.

आपल्या न्यायालयांनीं ह्या बाबतींत बरीच स्पष्टता आणली आहे. जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या कामगारांच्या खटल्यांत १९७६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असें धरलें कीं गिऱ्हाइकांकडून गोळा करून कामगारांत वांटलेली रक्कम ही टिपेच्या स्वरूपाची आहे. तो मालकाचा पैसा नव्हे, म्हणून त्यानें ती पगाराच्या हिशेबांत आपल्या नांवें जमा धरूं नये. २०१६ सालीं आयकराच्या एका प्रकरणांतहि त्याच न्यायालयानें टीप म्हणजे पगार नव्हे असाच निर्णय दिला. दरम्यान मोठ्या हॉटेलांनीं बिलांतच 'सेवाशुल्क' लावण्याची युक्ति काढली. केंद्र सरकारनें २०१७ सालीं व पुन्हां जुलै २०२२ मध्यें त्याविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वें काढलीं, आणि २८ मार्च २०२५ रोजीं दिल्ली उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनीं तीं उचलून धरून असें शुल्क सक्तीनें घेतां येणार नाहीं असा निकाल दिला. तेव्हां बिलांत तशी रक्कम दिसली तर ती काढून टाका म्हणण्यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं. मात्र ती काढून घेतल्यावर वाढणाऱ्याच्या हातावरहि कांहीं ठेवावयाचें नाहीं, ही हुशारी मला पटत नाहीं. मालकाशीं भांडून वांचविलेला पैसा वाढप्याच्या खिशांतून वांचविल्यासारखा होतो.

आतां किती ठेवावें ह्याकडे येऊं. पूर्वीं ह्याचें उत्तर टांकसाळच देत असे. रुपयाचे सोळा आणे होते तेव्हां आणा हें सोईचें नाणें होतें. १ एप्रिल १९५७ पासून दशमान पद्धति आली, आणा हळूहळू गेला, पण 'चार आणे' हें नांव पंचवीस पैशांना चिकटून राहिलें. जून २०११ अखेर तेंहि नाणें बंद झालें. टक्केवारी हा आपल्या वळणाचा हिशेबच नव्हे. आपण सव्वा रुपया, अकरा, एकवीस, एकावन असा शकुनाचा आंकडा धरणारे लोक, आणि शकुनाच्या आंकड्याचा बिलाशीं कांहीं संबंध नसतो. माझें मत विचाराल तर साध्या चहाफराळाच्या हॉटेलांत बिल वरच्या दहाच्या आंकड्यापर्यंत भरून द्यावें. एकाच माणसानें घटका-दोन घटका उभें राहून कुटुंबाला जेवूं घातलें असेल तर विसांत एक रुपया हा संकोच न वाटण्याजोगा हिशेब आहे, आणि दहांत एक म्हणजे मोकळ्या हाताचा. थाळीच्या खाणावळींत पोळीवाला निराळा, भाजीवाला निराळा, ताट उचलणारा निराळा. तेथें सर्वांची मिळून पेटी असेल तर तींत टाकावें, कारण सर्वांत कमी मिळतें तें ताटें उचलणाऱ्याला आणि तो टेबलाशीं शेवटीं येतो. घाईच्या वेळीं चूक झाली, पदार्थ थंड आला, तर दोष बहुधा मुदपाकखान्याचा असतो. त्याची शिक्षा वाढणाऱ्याला देऊं नये. तो उर्मट असेल तर कांहीं न ठेवतां उठावें आणि मनांत टोचणी बाळगूं नये.

२०१६ पासून मोबाइलवरून पैसे देण्याची चाल झपाट्यानें वाढली आणि खिशांतली चिल्लर जवळजवळ नाहींशी झाली. बिल आतां पैशा-पैशापर्यंत तंतोतंत भरलें जातें, गल्ल्यावरचें यंत्र रक्कम ओरडून सांगतें, जें काम पूर्वीं पोऱ्या करीत असे, आणि बशींत बडीशेप तेवढी उरते. कांहीं हॉटेलांतून टिपेची रक्कम त्याच व्यवहारांत जोडण्याची सोय असते. पण ती मालकाच्या खात्यांत जाते, आणि तेथून पुढें किती झिरपते तें ज्याचें त्याला ठाऊक. म्हणून बाहेर पडतांना दहा-वीसच्या चार नोटा जवळ ठेवाव्या. त्या नसतील तर वाढणाऱ्याला सरळ विचारावें, "दादा, ह्यांत भर घातली तर ती तुम्हांला मिळते का?" बहुतेक जण गल्ल्याकडे एकदां पाहून मग उत्तर देतात.